ओढ नव्हे, दाब : एका शालेय धड्यामागचा इतिहास

शालेय पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात दाबाचे प्रकरण फार मोठे नसते. पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच पात्रात उलटी उभी केलेली, तिच्या बाजूला ७६ सेंटिमीटरची खूण आणि चित्राखाली टॉरिसेली हे नाव, एवढे बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असते. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने कार्य करणारे बल म्हणजे दाब, ही व्याख्या पाठ होते, उत्तरपत्रिकेत उतरते आणि धडा संपतो. मात्र त्या साध्या चित्रामागे सुमारे तीन दशकांचा वादविवाद उभा आहे. त्यात विहिरींवर पंप बसवणारे कारागीर होते, आयुष्याच्या अखेरीस दृष्टी गमावलेला एक थोर शास्त्रज्ञ होता, आणि आजारी मेहुण्यासाठी दोन काचनळ्या घेऊन डोंगराकडे निघालेला एक सरकारी अधिकारीही होता.

प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातला होता. नळीतून सरबत वर येते, पिचकारीत रंग भरला जातो, पंपाचा दट्ट्या उचलला की विहिरीतले पाणी त्याच्यामागे चढते. हे का होते? आपण आजही सहज म्हणतो, की आपण सरबत ओढतो, पंप पाणी खेचतो. भाषेतच उत्तर दडलेले आहे : वरून काहीतरी ओढते म्हणून पाणी वर येते. युरोपातील विद्वानांचे उत्तरही याच जातीचे होते. ॲरिस्टॉटलच्या परंपरेनुसार निसर्गाला पोकळी सहन होत नाही. दट्ट्या वर सरकला की त्याच्याखाली पोकळी राहू नये म्हणून पाणी धावून येते. शेकडो वर्षे हे स्पष्टीकरण पुरले, कारण पाहण्यात येणाऱ्या प्रत्येक उदाहरणाला ते लागू पडत होते. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर तयार होते. ‘किती’ हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न ग्रंथालयातून आला नाही, विहिरीच्या काठावरून आला. गॅलिलिओचा ‘दोन नव्या विज्ञानांविषयीचे संवाद’ हा ग्रंथ १६३८ साली लायडन येथे छापला गेला. त्यात एका पंपाची हकिगत आहे. पंप बिघडला असावा म्हणून कारागिराला बोलावले, तेव्हा त्याने सांगितले, की दोष पंपात नाही. पाणी १८ हातांहून अधिक खोल असेल तर कोणताही पंप ते वर आणू शकत नाही. फ्लॉरेन्सचा तो हात सुमारे ५८ सेंटिमीटरचा, म्हणजे ही मर्यादा साधारण साडेदहा मीटरची झाली. त्याआधी, १६३० साली, जिनोव्हाच्या जोव्हानी बातिस्ता बालियानी यांनीही गॅलिलिओला पत्राने एक अडचण कळवली होती. सुमारे २१ मीटर उंचीच्या टेकडीवरून पाणी पलीकडे नेण्यासाठी त्यांनी वक्रनळी बसवली होती. पण नळी भरून दोन्ही टोके उघडली की पाणी दोन्हीकडे खाली उतरून जात होते.

निसर्गाला पोकळीचा तिटकारा असेल, तर तो तिटकारा दहा मीटरपर्यंतच का असावा? गॅलिलिओने यावर दिलेले उत्तर आज चुकीचे ठरले आहे. लांब दोरी स्वतःच्याच वजनाने तुटावी, तसा पाण्याचा स्तंभ एका मर्यादेनंतर आपल्याच भाराने तुटतो, असे त्याचे मत होते. विशेष म्हणजे हवेला वजन असते, हे त्यानेच प्रयोगाने दाखवले होते. भांड्यात हवा दाबून भरावी आणि तोलावी, म्हणजे ते भांडे आधीपेक्षा जड भरते. खऱ्या उत्तराचे दोन्ही तुकडे त्याच्या हाती होते, पण ते एकमेकांना जोडले गेले नाहीत. बालियानींनी मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या पत्रात शंका व्यक्त केली होती, की हवेच्या भारामुळे तर हे घडत नसेल? ती शंका पत्रातच राहिली.

१६४० च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी आपल्या घराच्या भिंतीलगत सुमारे अकरा मीटर लांबीची शिशाची नळी उभी केली आणि तिच्या वरच्या टोकाला काचेचे पात्र बसवले. नळी पाण्याने भरून वरचे तोंड बंद केले आणि खालची तोटी पाण्याने भरलेल्या पिंपात उघडली. पाणी काही अंतर खाली उतरले आणि थांबले. वर रिकामी जागा राहिली. ती जागा खरोखर रिकामी आहे का, यावर उपस्थितांत वाद झाला. आत एक लहान घंटा बसवून आवाज बाहेर येतो का, हेही पाहिले गेले. आवाज आला, पण तो घंटेच्या आधारातून आला की हवेतून, हे ठरवता येईना. अकरा मीटरची नळी उभी करणे, ती गळू न देणे आणि शिडीवरून निरीक्षण करणे हा खटाटोप वारंवार होण्यासारखा नव्हता.

एव्हांजेलिस्ता टॉरिसेली हे गॅलिलिओच्या अखेरच्या तीन महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेले गणिती. गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी निवर्तला आणि टस्कनीच्या दरबारातील त्याची जागा टॉरिसेलींना मिळाली. त्यांच्या मनात एक साधा विचार आला. पाण्याऐवजी पाण्याहून पुष्कळ जड असा द्रव घेतला, तर सारा प्रयोग टेबलावर मावेल. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा पाणी जेथे दहा मीटरवर थांबते, तेथे पारा त्याच्या १३.६ व्या हिश्शावर थांबला पाहिजे. १६४४ साली त्यांचे तरुण सहकारी विन्चेन्झो विव्हियानी यांनी सुमारे सव्वा मीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली काचनळी पाऱ्याने भरली, बोटाने तोंड दाबून ती पाऱ्याच्या पात्रात उलटी धरली आणि बोट काढून घेतले. पारा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर स्थिर झाला. ७६ ला १३.६ ने गुणले, की १०३४ सेंटिमीटर होतात. कारागिराने सांगितलेली मर्यादा आणि टेबलावरची नळी एकाच गोष्टीची साक्ष देत होत्या.

टॉरिसेली येथेच थांबले नाहीत. त्यांनी दोन नळ्या घेतल्या. एकीचे वरचे टोक साधे, दुसरीच्या टोकाला काचेचा मोठा फुगा. वरची पोकळी पाऱ्याला ओढून धरत असेल, तर मोठ्या पोकळीची ओढ अधिक असायला हवी आणि त्या नळीत पारा अधिक उंच राहायला हवा. दोन्ही नळ्यांत पारा एकाच पातळीवर राहिला. याचा अर्थ पाऱ्याला धरून ठेवणारे बळ नळीच्या आत नव्हतेच. ते बाहेर होते, पात्रातल्या पाऱ्याच्या उघड्या पृष्ठभागावर भार टाकणाऱ्या हवेत होते. ११ जून १६४४ रोजी रोममधील मित्र मिकेलान्जेलो रिची यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही कल्पना मांडली, की माणसे हवेच्या एका विशाल समुद्राच्या तळाशी राहतात. केवळ पोकळी निर्माण करणे हा आपला हेतू नसून हवेतील बदल दाखवणारे साधन घडवणे हा आहे, असेही त्यांनी त्यात स्पष्ट केले. वायुदाबमापकाची कल्पना येथे जन्मली. तीनच वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, टॉरिसेलींचे निधन झाले.

इटलीतील या प्रयोगाची वार्ता मारॅ मेर्सेन या धर्मोपदेशकाने फ्रान्समध्ये नेली. रुआँ येथे राहणाऱ्या ब्लेझ पास्कल या तेवीस वर्षांच्या गणितज्ञाच्या कानी ती १६४६ साली आली. रुआँमध्ये काच उत्तम बनत असे. पास्कलने सुमारे पंधरा मीटर लांबीच्या काचनळ्या करवून घेतल्या, त्या उंच डोलकाठीला बांधल्या आणि लोकांसमक्ष एकीत पाणी व दुसरीत द्राक्षासव भरले. नळीतील वरची जागा द्रवाच्या वाफेने भरते, असे मानणाऱ्यांचा अंदाज होता, की आसवाची वाफ अधिक म्हणून आसव पाण्याहून खाली राहील. पण आसव पाण्याहून किंचित हलके. त्यामुळे ते पाण्याहून थोडे उंच उभे राहिले. प्रयोगापूर्वी प्रतिपक्षाकडून त्याचे भाकीत काढून घ्यावे आणि मग नळी उभी करावी, ही पास्कलची रीत होती.

तरीही निर्णायक पुरावा उरला होता. पारा जर हवेच्या भाराने तोलला जात असेल, तर उंच डोंगरावर, जेथे डोक्यावर हवा कमी, तेथे पारा खाली यायला हवा. निसर्गाचा पोकळीविषयीचा तिटकारा पायथ्याशी अधिक आणि शिखरावर कमी असतो, असे तर कोणी म्हणू शकणार नव्हते. पॅरिसजवळ पुरेसा उंच डोंगर नव्हता आणि पास्कलची प्रकृती नाजूक होती. त्याची थोरली बहीण जिल्बर्त हिचे पती फ्लोराँ पेरिए हे क्लेरमाँ येथे अधिकारी होते. त्या गावाजवळ १४६५ मीटर उंचीचा प्वी द दोम हा डोंगर आहे. १५ नोव्हेंबर १६४७ रोजी पास्कलने भावोजींना पत्र लिहून विनंती केली. हवामान आणि कामाचे व्याप यांमुळे योग यायला दहा महिने गेले.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी सकाळी क्लेरमाँच्या सखल भागातील एका मठाच्या बागेत पेरिए यांनी दोन सारख्या नळ्या भरल्या. दोन्हींत पारा सुमारे ७१ सेंटिमीटरवर होता. त्यांतली एक नळी तेथेच ठेवून दिवसभर तिच्यावर नजर ठेवण्याचे काम मठातील एका धर्मोपदेशकाकडे सोपवले. दुसरे साहित्य घेऊन मंडळी शिखरावर गेली. तेथे पारा सुमारे ६३ सेंटिमीटरवर थांबला. फरक साडेआठ सेंटिमीटरांचा. पेरिए यांनी शिखरावर पाच वेळा, उघड्यावर, आडोशाला, प्रार्थनामंदिरात, धुक्यात अशी मोजणी केली; आकडा तोच आला. उतरताना वाटेत पुन्हा मोजले, तर मधला आकडा मिळाला. संध्याकाळी खाली परतल्यावर कळले, की बागेतील नळीचा पारा दिवसभरात मुळीच हलला नव्हता. खाली ठेवलेली ती नळी नसती, तर दिवसात हवामानच बदलले असेल, अशी शंका कोणीही घेऊ शकला असता. दुसऱ्या दिवशी पेरिए यांनी गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावरही प्रयोग केला. तेवढ्याशा उंचीवरही पारा किंचित उतरलेला दिसला.

पास्कलचे या विषयावरील दोन निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली, एकत्र प्रसिद्ध झाले. एक द्रवांच्या समतोलावर, दुसरा हवेच्या भारावर. शाळेच्या पुस्तकात द्रवांचा दाब आणि वातावरणाचा दाब एकाच धड्यात शेजारी बसतात, ती जोडणी या ग्रंथात स्पष्ट झाली आहे. द्रवांचा नियम त्याआधीच, १५८६ साली, नेदरलँड्समधील अभियंते सिमोन स्टेव्हिन यांनी मांडला होता. भांड्याच्या तळावरील दाब पाणी किती आहे यावर नव्हे, तर ते किती खोल आहे यावर ठरतो. समुद्र अडवून जमीन मिळवणाऱ्या देशात या नियमाचे मोल मोठे होते : बांधाला समुद्राच्या रुंदीशी झुंजावे लागत नाही, फक्त त्याच्या पायाशी असलेल्या पाण्याच्या खोलीशी झुंजावे लागते. भाक्रासारखे धरण तळाशी अतिशय जाड आणि माथ्याशी अरुंद असते, ते याचमुळे. पास्कलने दाखवले, की हवेचा समुद्रही याच नियमाने चालतो. पाण्यात दहा मीटर खाली गेल्यावर जेवढा दाब वाढतो, तेवढाच दाब डोक्यावरची संपूर्ण हवा टाकत असते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम, म्हणजे तळहातावर जवळजवळ एका क्विंटलचा भार. तो जाणवत नाही, कारण हवा हाताला खालूनही तेवढ्याच जोराने दाबते आणि शरीरातील द्रवही त्याच दाबाखाली असतात.

विद्वानांना पटलेली ही गोष्ट सर्वसामान्यांना दिसली ती जर्मनीत. माग्डेबुर्गचे नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढून घेणारा पंप तयार केला. तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतील हवा काढली, की ते कशाही जोडणीविना घट्ट चिकटत. १६५७ साली माग्डेबुर्ग येथे दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपून ते ओढले गेले. खरे पाहता एक अर्धगोल भिंतीला बांधून दुसऱ्याला आठच घोडे लावले असते, तरी ताण तेवढाच पडला असता. पण सोळा घोड्यांचा देखावा लोकांच्या ध्यानात राहिला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी पाऱ्याची नळी हवेच्या पंपाखाली ठेवली. भोवतालची हवा काढत गेल्यावर पारा खाली खाली उतरत गेला. डोंगर चढावा लागला नाही, डोंगराचे काम पंपाने केले. याच बॉइल यांच्यासोबत काम केलेल्या दनी पापँ यांनी १६७९ साली दाबाखाली अन्न शिजवणारे बंद भांडे दाखवले. आजचा प्रेशर कुकर त्याचाच वंशज. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, पाणी ८८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. तेथल्या स्वयंपाकघरात कुकर ही चैन नसून गरज आहे.

टॉरिसेलींना हवे होते ते हवेतील बदल दाखवणारे साधन. तसे साधन घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल विल्यम साइक्स दख्खनमध्ये नोंदी करत होते. त्यांचा लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात वायुदाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. दख्खनच्या पठारावर हा क्रम किती नियमित असतो, हे त्यांनी दाखवले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणांची शिस्तबद्ध परंपरा सुरू झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे त्या सुमारास, कोवळ्या वयात, तेथे कामाला लागले. पुढे पुण्यात प्राध्यापक झालेल्या या केरूनानांनी पदार्थविज्ञानावर मराठीत पाठ्यपुस्तकही लिहिले. ज्याने उपकरणाचे आकडे स्वतः टिपले, त्यानेच ते शास्त्र मराठी मुलांसमोर मांडावे, हा योग मराठी माध्यमाच्या शाळांनी अभिमानाने स्मरावा असा आहे.

या नोंदींचे मोल माणसांच्या प्राणांनी मोजावे लागते. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो लोक मृत्युमुखी पडले. देशभरची निरीक्षणे एका सूत्रात बांधण्याची निकड अशा आपत्तींनी पटवली आणि १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आदळलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातील दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. समुद्रसपाटीवरील नेहमीच्या दाबापेक्षा ही घट पाऱ्याच्या भाषेत सुमारे साडेसात सेंटिमीटरांची. पेरिए यांना डोंगर चढल्यावर आढळली जवळजवळ तेवढीच. डोंगरमाथ्यावरचा विरळ दाब जणू समुद्रसपाटीवर उतरला होता आणि भोवतालची हवा त्या खळग्याकडे धावत होती. त्या वादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्याला भिडले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलवलेले होते आणि मृतांची संख्या काही डझनांपुरती राहिली. पूर्वसूचनेच्या त्या यंत्रणेत आज उपग्रह आणि रडार आहेत. समदाब रेषांचा नकाशा मात्र तिच्या मुळाशी आजही आहे.

ज्या पंपापासून ही कहाणी सुरू झाली, त्याची मर्यादा आजही कायम आहे. कोणत्याही मोटारीने, कोणत्याही ताकदीने, विहिरीबाहेर बसवलेला पंप दहा मीटरखालचे पाणी वर चढवू शकत नाही, कारण ते पाणी चढवणारी हवाच तेवढी समर्थ नाही. १९७० च्या दशकात दुष्काळी भागातील खोल कूपनलिकांसाठी युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला; सोलापूरचा हातपंप हा त्याचा पूर्वज. त्याचा दट्ट्या जमिनीवर नसतो, तो खाली पाण्यात बुडवलेल्या नळकांड्यात असतो आणि लांब सळ्यांनी दांड्याला जोडलेला असतो. तो पाणी हवेच्या भरवशावर न ठेवता खालून उचलत आणतो. निसर्गाचा नियम मोडता येत नाही. तो नेमका कळला, की त्याला वळसा घालता येतो. खेड्यापाड्यांतील असंख्य घरांच्या घागरी या वळशामुळे भरल्या.

शाळेच्या वर्गात आजही शिक्षक पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा करतात आणि विचारतात, पाणी का पडत नाही? हवेच्या दाबामुळे, हे उत्तर एकसुरात येते आणि ते बरोबरही असते. पण एखादा विद्यार्थी त्यापुढे विचारील, की पेला किती उंच असता तर पाणी पडले असते, तर तो फ्लॉरेन्सच्या त्या अनामिक कारागिराचा खरा वारस ठरेल. उत्तर सुमारे दहा मीटर असे आहे. ते सांगण्याआधी शिक्षकाने क्षणभर थांबावे आणि वर्गाला ७६ व १३.६ यांचा गुणाकार करू द्यावा.